मोकळी फणी

आण्णाप्पाच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं काढली, आणि शेवटचा दिवस सोडला तर त्यानं मला एकदाही नावानं हाक मारली नाही. "ए सांध्या" म्हणायचा. माझं नाव कल्लाप्पा. घरी, गल्लीत, देवळात सगळे मला कल्लाप्पा म्हणायचे. कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत मात्र मी सांध्या.

कारखाना म्हणजे शहापुरातलं एक लांबट, बुटकं घर. तेव्हा शहापूर सांगली संस्थानात होतं. बेळगावच्या हद्दीत पाऊल टाकलं की राज्य बदलायचं, पण आण्णाप्पाच्या घरात कुठल्याच राज्याचा उजेड यायचा नाही. आत दहा माग. प्रत्येक मागाखाली खड्डा, खड्ड्यात विणकराचे पाय, आणि पावसाळ्यात पायांखाली ओल. सुती अंगाच्या आणि रेशमी काठाच्या नऊवारी साड्या आम्ही विणायचो. दहाही मागांवरची सांधणी माझ्याकडं होती, म्हणून मी सांध्या.

सांधणी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड तिच्यापायी झाली. साडीच्या लांबीभर जे उभे धागे धावतात तो ताणा. ते अडीच हजारांच्या वर असतात, आणि प्रत्येक धागा फणीच्या दातांमधून ओवलेला असतो. एका ताण्यात पाच-सहा साड्या निघतात. ताणा संपत आला की फणीच्या मागं हातभर शेपूट उरतं. त्या शेपटाच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा एकेक धागा राखेच्या बोटांनी पीळ देऊन जोडायचा. मग पुढून ओढलं की जुन्याच्या मागोमाग नवा ताणा फणीतून पुढं येतो. शेपूटच नसेल तर सगळे धागे नव्यानं हातानं ओवावे लागतात. त्यात दोन माणसांचे दोन दिवस जातात आणि डोळ्यांचं पाणी होतं. म्हणून फणी कधी कुणी मोकळी करत नसे. ती मोकळी करायची माग मोडताना, नाहीतर विणकर मेल्यावर.

आमच्यात आणखी एक रीत होती. आपल्या मागावर नव्या ताण्याचा पहिला धागा सांधला गेला की, कुणीही सांधो, तो ताणा आपला. तो पुरा विणून उतरवल्याशिवाय माग सोडायचा नाही. कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण अर्धा ताणा टाकून गेलेल्या माणसाला शहापूर-वडगावात कुणी पुन्हा माग दिला नाही, आणि त्याच्या घरच्या मुली कुणी सुना करून घेतल्या नाहीत. माझी इंदू तेव्हा तेरा वर्षांची होती.

आण्णाप्पा ओरडायचा नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पाठीमागं येऊन उभा राहायचा आणि घसा खाकरायचा, एवढंच. काय चुकलं ते सांगायचा नाही. काठ सैल झाला की धागा चुकला, का नुसताच त्याचा घसा बसलाय, हे शोधत आपण सगळा पदर पुन्हा डोळ्यांखालून घालायचा. विचारलं तर म्हणायचा, "एवढी वर्सं झाली, अजून कळंना व्हय तुला?" एकोणीस वर्षांनी माझी मान अशी झाली होती की पाठीमागं मांजर खाकरलं तरी माझ्या हातातला आडव्या धाग्याचा धोटा थांबायचा.

एका माघात सदलग्याहून ब्राह्मीआक्का साड्या घ्यायला आल्या. चाळिशीच्या असतील. सदलग्याच्या मोठ्या जैन शेतकरी घरातल्या. घरात लग्न होतं. आण्णाप्पानं घोंगडं अंथरलं, साड्या उलगडल्या, "सगळं माज्या हातचं हाय" असं नेहमीचं सांगितलं. मी कोपऱ्यातल्या मागावर सांधणी करत होतो. आक्का साड्या टाकून माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, त्या हलेचनात. मी धास्तावलो, आता ह्याही खाकरणार म्हणून.

त्या म्हणाल्या, "हे शिकिवता येतंय काय हो दुसऱ्यास्नी?"

मी उत्तर द्यायच्या आधी आण्णाप्पा हसला. "आक्का, त्येची बोटं चालत्यात. डोस्कं न्हाय चालत."

"मी त्यास्नी इचारलं," आक्का म्हणाल्या.

मला असं कुणी कधी काही विचारलेलं नव्हतं. मी म्हणालो, "सुबरावला शिकिवलंय की मी." सुबराव म्हणजे माझ्या शेजारच्या मागावरचा. तो तोंड खाली घालून विणत राहिला.

जाताना आक्का दारात थांबल्या आणि मला खुणेनं बोलावून घेतलं. "आमची तंबाखूची एक वखार मोकळी पडलीया. तितं चार माग बसवायचं मनात हाय, बायकांसाठी. शिकवायला मानूस पायजे. रेशीम मातूर चालायचं न्हाय. किडं उकडून काढलेलं सूत मी दारात आणणार न्हाय. कापूसच. याल काय?"

"ह्यो ताणा उतरला की येतो," मी म्हणालो.

मला वाटलं, दीड-दोन महिन्यांची गोष्ट आहे.

चैत्रात तो ताणा संपत आला तेव्हा मी आण्णाप्पाला सांगितलं. तो इतक्या गोड आवाजात बोलला की मला तेव्हाच कळायला हवं होतं. "जा की रं. मी काय बांधून ठिवलंय व्हय? पर लगीनसराई हाय. पावनं दारात बसल्यात. येवढ्या सा साड्या उतरव, आन् खुशाल जा." पाहुणे खरंच दारात बसलेले होते. मी स्वतःच्या हातानं नवा ताणा सांधला. त्यात चूक माझीच होती, दुसऱ्या कुणाची नाही.

पण लग्नं संपली आणि ज्येष्ठ आला तेव्हा मी सावध होतो. शेवटची साडी निम्मी विणून झाली होती. तेवढ्यात वडगावला सत्यवतीचे मामा वारले. सत्यवती माझी बायको. मातीला जायलाच हवं होतं. एक दिवस गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर माझी निम्मी साडी मागावर तशीच, आणि तिच्या पाठीमागं करकरीत नवा ताणा सांधलेला.

मी सुबरावच्या मागापाशी गेलो. "काय रं हे?"

"मालकानं सांगितलं."

"माज्या मागावर? मी शिकिवलेली सांधणी, माज्याच मागावर?"

"ऐक की. मी न्हाय म्हटलं असतं तर वडगावचा कोन तरी बोलवून वाकडंतिकडं सांधून घेतलं असतं. तुज्या मागावर वाकडी सांधणी मला बगवंना."

मी प्रत्येक गाठ तपासली. एकही चुकलेली नव्हती. त्याचा राग यावा की कौतुक करावं, हेही कळेना.

मी रडकुंडीला येऊन तो ताणा विणला. त्यानंतरचा कसा सांधला गेला ते सांगायची मला अजून लाज वाटते. आण्णाप्पाची बायको आजारी होती आणि तिनं स्वतः बोलावून सांगितलं, "एवडा एकच, कल्लाप्पा." ती मला नावानं हाक मारायची. एका नावावर मी दोन महिने दिले.

भाद्रपदात सदलग्याचा एक गूळवाला बेळगावच्या बाजाराला आला होता. तो घर शोधत आला. "आक्कांनी सांगिटलंय. दिवाळीच्या पाडव्यापतोर वाट बगत्यात. मग इचलकरंजीचा मानूस ठरलाय."

सत्यवती म्हणाली, "ठरू दे. त्या तंबाखूच्या वखारीत काय सोनं लागलंय? हितं निदान आपलं घर हाय."

"हितं मला नाव न्हाय," मी म्हणालो.

"मी हाक मारते की रोज."

तिचं खरं होतं, आणि मला ते पुरत नव्हतं. यावर भांडणही नीट होत नाही.

खंडेनवमीला मागाची पूजा असते. त्या दिवशी माग रिकामा ठेवायचा नाही, हे मलाही मान्य होतं. तेव्हा मी मनाशी दिवस मोजले. खंडेनवमी ते पाडवा बावीस दिवस. ताणा सहा साड्यांचा, असं आण्णाप्पा म्हणाला होता; बाकीच्या मागांची सांधणी बाजूला ठेवली तर एकेकीला साडेतीन दिवस. बसतंय. मी स्वतः राख घेऊन बसलो, स्वतः सांधलं, फुलं वाहिली, आणि आण्णाप्पाला सगळ्यांदेखत सांगितलं, "मालक, ह्यो उतरला की मी चाललो. पाडव्याला सदलग्यात पायजे मी."

"जा की रं," तो म्हणाला.

आठ दिवसांनी मला संशय आला. ताण्याची गुंडाळी जेवढी बारीक व्हायला हवी तेवढी होत नव्हती. मी मागं जाऊन हातानं चाचपली. तो ताणा सहा साड्यांचा नव्हताच. आठांचा होता.

मी आण्णाप्पापुढं जाऊन उभा राहिलो. "मालक, ह्यात आठ साड्या हायत."

"असत्याल."

"तुमी सा म्हणालासा."

"मी कदी म्हणालो? सांधणारा तू. सांधायच्या आदी गुंडाळी बगायची हुतीस." आणि त्यानं घसा खाकरला.

त्यानंतरचे तेरा दिवस मला आठवतात ते फक्त पायांत. पायाखालच्या दोन पावड्या, डावी-उजवी, डावी-उजवी. दिवस उगवायच्या आत मी खड्ड्यात उतरायचो. इंदू घरी धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरून द्यायची. सत्यवती भाकरी घेऊन यायची आणि न बोलता माझ्या तोंडात घास घालायची, माझे हात रिकामे नसायचे म्हणून. ती सदलग्याला यायला तयार नव्हती, पण आठ साड्यांचं ऐकल्यापासून तिचा राग माझ्यावरून उठून आण्णाप्पावर जाऊन बसला होता. आण्णाप्पा दिवसातून चार वेळा माझ्या पाठीमागं येऊन उभा राहायचा. मी मान वळवली नाही. धागे तुटले, मी जोडले. बोटांची कातडी निघाली, तिच्यावर राख लावली.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आठव्या साडीचा पदर संपत आला. फणीच्या मागं हातभर शेपूट उरलं होतं.

तेवढ्यात आण्णाप्पा आला. खांद्यावर नव्या ताण्याची गुंडाळी. त्याच्या मागं सुबराव, हातात राखेची वाटी, नजर जमिनीवर.

"उठ," आण्णाप्पा म्हणाला. "सुबरावला बसू दे."

"मालक, मी चाललो म्हणून सांगितलंय."

"जा की. पर आज लक्ष्मीपूजन हाय. रिकामा माग दावून लक्ष्मीला घरात बोलवू काय? चार धागं सांधू दे, मग जा."

सगळे माग थांबले होते. सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. चार काय, एक धागा सांधला की ताणा माझा. पुढं महिना जाणार. सदलग्यात इचलकरंजीचा माणूस खड्ड्यात पाय घालून बसणार. आणि पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी असेलच. एकादशी असेल, कुणी आजारी असेल, पाहुणे असतील. ताण्याला शेवट नव्हताच. एकोणीस वर्षं जुन्याला नवा जोडत होतो तो मीच. दहा मागांवरच्या दहा माणसांना मीच राखेच्या बोटांनी एकमेकांशी बांधत आलो होतो.

मी म्हणालो, "शेवटचं चार धोटं टाकतो." टाकले. पदर पुरा केला. कात्री घेतली आणि साडी कापून उतरवली. घडी घालून आण्णाप्पाच्या हातात दिली. एक बोटभरही विणायचं ठेवलं नव्हतं. मग मी मागच्या बाजूला गेलो, शेपूट दोन्ही मुठींत धरलं आणि ओढलं.

अडीच हजार धागे फणीतून निसटायला दोन श्वास लागले. पावसाच्या सरीसारखा बारीक आवाज झाला आणि फणीचे दात उघडे पडले. पलीकडची भिंत त्यांतून दिसायला लागली. त्या मागाच्या पलीकडं भिंत आहे हे मी विसरून गेलो होतो.

सुबरावच्या हातातली वाटी खाली पडली.

"कल्लाप्पा!" आण्णाप्पा ओरडला.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

"माज्या लक्ष्मीच्या दिवशी माजा माग मारलास!"

"ताणा पुरा उतरिवलाय मालक. रीत मोडली न्हाय मी." एवढं बोलून मी बाहेर आलो. बाहेर इतकं ऊन होतं की मला थोडा वेळ काहीच दिसेना.

घरी सत्यवतीनं उंबऱ्याबाहेरच अडवलं. बातमी माझ्या आधी पोचली होती. "मेल्यावर करत्यात ते जित्तेपणी करून आलासा," ती म्हणाली, आणि मसणातून आलेल्या माणसाच्या डोक्यावर ओततात तसा पाण्याचा तांब्या माझ्या डोक्यावर ओतला. मगच आत घेतलं. मग ओल्या अंगानंच मला जेवायला वाढलं आणि बोचकं बांधायला लागली.

पाडव्याला सकाळी मोटारीनं चिकोडी, तिथून बैलगाडीनं सदलगा. पोचलो तेव्हा दिवस कलला होता. ब्राह्मीआक्का अंगणात उभ्या होत्या. "आलासा? सूर्य हाय तवर जेवून घ्या आदी." त्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे, म्हणून वखारीतलं कामही उजेडातच संपायचं. उजेडात काम सोडायचं हे मला इतकं परकं होतं की पहिले कित्येक दिवस संध्याकाळी हातांचं काय करावं ते कळायचं नाही.

आता सगळं सुखाचं झालं असं कुणाला वाटेल. झालं नाही.

त्या वखारीत वीस वर्षं तंबाखू भरलेला होता. भिंती, आढी, जमीन, सगळ्याला त्याचा भपकारा. मी सांधणीला बसलो की शंभराव्या धाग्याला शिंक यायची आणि बोटातली धाग्यांची जुडी सुटायची. चार बायका आणि मी, पाचजण दिवसभर शिंकायचो. मागाचे खड्डे खणले तर आक्कांनी सांगितलं, रोज सकाळी खड्ड्यात पाय घालायच्या आधी मुंग्या बघायच्या, मऊ कुंच्यानं हळू बाजूला करायच्या, एकही मरता कामा नये. सदलग्याच्या मुंग्यांना तो खड्डा फार आवडला. सकाळचा अर्धा तास मुंग्यांचा. मी खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून चरफडायचो. आक्कांचे दीर पायगोंडा रोज एकदा दारातून डोकावून विचारायचे, "काय मास्तर, मुंग्या विणायला शिकल्या काय?"

पण मास्तर म्हणायचे. सगळेच म्हणायचे.

आणि बायका विचारायच्या. हे असं का? राख कशाला? पाणी का नको? फणी उलटी धरली तर काय होईल? पहिले दोन महिने मला त्याचा संताप यायचा, कारण मला उत्तरं येत नव्हती. मला करायला शिकवलं होतं, का ते कुणी सांगितलं नव्हतं. मग मी रात्री अंथरुणावर पडून बोटं हवेत हलवत बघायचो, की हे मी नेमकं काय करतो. पंचेचाळिसाव्या वर्षी मला माझं काम कळायला लागलं. फाल्गुनात सत्यवती आणि इंदूही आल्या. सत्यवतीनं पहिल्याच दिवशी सात वेळा शिंकून सांगितलं, की ह्यापेक्षा आण्णाप्पा बरा होता.

चौघींत तारामती सगळ्यांत हुशार. पंचविशीची विधवा, आक्कांच्या नात्यातली, मराठी-कानडी दोन्ही लिहिणारी. दुपारच्या वेळी ती बाकीच्या तिघींना पाटीवर अक्षरं गिरवायला द्यायची. मी फणी पुसत ऐकायचो. एक दिवस म्हणाली, "मास्तर, नुसत्या कानानं किती दिवस शिकणार? घ्या पाटी." घेतली. हजारो धाग्यांत चुकलेला एक धागा शोधणारी माझी बोटं, पेन्सिल धरली की लाकडाची व्हायची. ती हसायची नाही. माझं बोट धरून पुन्हा गिरवून घ्यायची. शिमग्यापर्यंत मी 'ल'पर्यंत आलो होतो.

तारामतीला निपाणीच्या मुलींच्या शाळेतून पत्र आलं होतं. शिकवायला बोलावलं होतं, चैत्री पुनवेच्या आत हजर व्हायचं होतं. तिनं मला दोनदा विचारलं, "मास्तर, माझा ताणा किती राहिला?" पहिल्या दिवशी मीच चौघींना ती रीत सांगितली होती, सांधलेला ताणा सोडायचा नाही. मी म्हणालो, "आठवडाभर." विणतानाही ती मनात कुठं तरी निपाणीला गेलेली असायची, हे मला दिसत होतं. आणि मला 'व'च्या पुढचं येत नव्हतं.

महावीर जयंतीला बायका दिवसभर बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात गेल्या. वखारीत मी एकटा. तारामतीच्या मागावर हातभर शेपूट उरलं होतं. मी राख घेतली आणि बसलो. काम वाचेल, फणी मोकळी राहायला नको, दुसरी कुणी बसेल तिच्या जागी, असं मी मनाशी म्हणत होतो. दुसऱ्या कुणासाठी सांधतोय हे मला खरंच वाटत होतं का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. त्या दिवशी मला एकदाही शिंक आली नाही.

दुसऱ्या सकाळी तारामती आली. मागापाशी उभी राहिली. सांधणी बघितली. कुंचा घेतला, खड्ड्यातल्या मुंग्या हळू बाजूला केल्या, पाय आत घातले आणि विणायला लागली.

तिनं भांडण केलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडं उत्तरं तयार होती. मी तिच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलो. आणि माझ्या गळ्यातून आवाज आला, मी घसा खाकरला.

तिचा धोटा थांबला. मान न वळवता ती म्हणाली, "काय चुकलं, मास्तर?"

मला तिथंच बसावंसं वाटलं. एकोणीस वर्षं ज्या माणसाच्या नावानं मी तळतळाट केला, तो माझ्या गळ्यात राहायला आला होता. मी त्याला शहापुरातून बोचक्यात बांधून आणलं होतं.

"तुमचं काय चुकलं न्हाय," मी म्हणालो. "उठा."

"ताणा सांधलाय की."

"उठा म्हणतो."

ती उठली. तिचा जुना ताणा अजून चार बोटं विणायचा होता. मी बसून तेवढा विणला, कापड उतरवलं. मग मागं गेलो, कालची सांधणी धाग्यांच्या गाठींपाशी कापली, आणि शेपूट ओढून फणी मोकळी केली.

बाकीच्या तिघी किंचाळल्या. पायगोंडा दारातून आत आले.

"अवो मास्तर, अडीच हजार धागं!" तारामती म्हणाली. "पुना कोण ओवणार?"

"सांधलं त्यानं ओवायचं."

"धागा पुढं करायला माणूस लागतो. शेजारचे माग थांबतील दोन दिवस."

"थांबू द्यात. तुमी गाडी बगा. पुनव उद्या हाय."

ती उभीच राहिली. मग कोपऱ्यातली पाटी उचलून तिनं राहिलेली अक्षरं तिच्यावर काढली, मोठी मोठी, आणि पाटी माझ्या मागावर ठेवली. "गिरवा. चुकवलासा तर सुट्टीला येऊन बघीन." दुपारच्या गाडीनं ती निपाणीला गेली.

संध्याकाळी ब्राह्मीआक्कांनी बोलावून घेतलं. मी सांगितलं, की इथून पुढं प्रत्येक ताणा उतरला की फणी मोकळी करायची, एक दिवस माग उघडा ठेवायचा, आणि बसणारीला विचारायचं, बसणार काय म्हणून. मगच ओवायचं.

"दर टायमाला दोन दिवस जाणार, मास्तर."

"जातील, आक्का."

"आन् ओवणार कोण?"

"मीच. दुसरं कोण?"

आक्कांनी बाहेरचं ऊन बघितलं. मग म्हणाल्या, "जेवून घ्या. सूर्य चाललाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्या बाजूला करून मी फणीपुढं बसलो. समोर इंदू, धागा पुढं करायला. एक धागा, एक फट. एक धागा, एक फट. समोर पाटी ठेवली होती, तिच्यावरचं 'ळ' मला चिडवल्यासारखं बघत होतं. दुपारपर्यंत नऊशे ओवले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि आढ्यावरून वीस वर्षांपूर्वीची तंबाखूची धूळ खाली आली. मला अशी शिंक आली की बांधायची राहिलेली सगळी जुडी हातातून सुटली आणि नऊशेच्या नऊशे धागे फणीतून परत बाहेर आले.

इंदू तोंडावर पदर धरून हसत होती. मी तंबाखूला, मुंग्यांना, निपाणीच्या शाळेला आणि स्वतःला, जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या घातल्या. मग बोटं पुसली आणि पहिला धागा पुन्हा हातात घेतला.